बारा बाय सोळाची खोली, भोवती पाच एकर वाळवंट

गेल्या अंकात मी कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात, वंडर व्हॅलीतल्या एका जुन्या केबिनमध्ये काढलेल्या आठवड्याबद्दल लिहिलं होतं. ती केबिन रेडलँड्समधल्या माझ्या शेजारणीच्या वडिलांनी १९५०च्या दशकात बांधली. ती पडायला आली, तेव्हा आम्ही तिघी-चौघींनी दोन हिवाळे शनिवार-रविवार खपून ती पुन्हा राहण्याजोगी केली. त्या लेखावर बरीच पत्रं आली, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यांच्यासाठीच ठेवलं आहे. पत्रं थोडक्यात देते.

ताई, आमचा मुलगा अर्वाइनला असतो. जानेवारीत आम्ही दोघं त्याच्याकडे जातोय. त्याने जोशुआ ट्रीच्या पुढे वाळवंटात अशीच एक जुनी, दुरुस्त केलेली केबिन तीन रात्रींसाठी घेतली आहे. फोटोत एकच खोली दिसते, बाकी भोवती काही नाही. ह्यांचं म्हणणं, अमेरिकेत जाऊन खोपटात कशाला राहायचं? ह्यांना इन्सुलिन चालू आहे, माझे गुडघे दुखतात. जावं का? — एक वाचक, कोथरूड, पुणे

जा, नक्की जा. यजमानांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

ते खोपटच आहे, आणि खोपट म्हणूनच ते बांधलं गेलं. १९३८ साली अमेरिकेत स्मॉल ट्रॅक्ट अ‍ॅक्ट नावाचा कायदा झाला. सरकारच्या ताब्यातली, शेतीच्या उपयोगाची नसलेली जमीन पाच-पाच एकरांचे तुकडे पाडून साध्या माणसाला भाडेपट्ट्याने द्यायची, आणि ठरलेल्या मुदतीत त्याने तिथे लहानसं घर उभं केलं की तो तुकडा त्याला विकत घेता यायचा. दुसरं महायुद्ध संपल्यावर लॉस एंजेलिसच्या बाजूचे कारखान्यांतले कामगार, कारकून, युद्धावरून परतलेले सैनिक, एकट्या राहणाऱ्या नोकरदार बायका असे कितीतरी लोक या तुकड्यांच्या मागे लागले. तिथे पाणी नव्हतं, वीज नव्हती, रस्ता म्हणजे गाडीच्या चाकांनी पाडलेली चाकोरी. माणसं शुक्रवारी रात्री लाकडं आणि पाण्याचे डबे गाडीवर बांधून निघायची, दोन दिवस खिळे ठोकायची आणि सोमवारी कामावर हजर व्हायची. या घरांना ‘जॅकरॅबिट होमस्टेड’ असं नाव पडलं. जॅकरॅबिट म्हणजे तिथला लांब कानांचा रानससा.

१९७६ साली तो कायदा रद्द झाला. तोवर पुष्कळ घरं ओसाड पडली होती. मुलांना वाळवंटाची ओढ नव्हती, म्हाताऱ्यांना प्रवास झेपेना. पुढे काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, बऱ्याच पडक्या केबिन पाडूनही टाकल्या. उरल्यासुरल्या आता लोक दुरुस्त करतात, काही स्वतः राहायला आणि काही भाड्याने द्यायला. तुमच्या मुलाने घेतलेली त्यातलीच असणार.

आमच्या शेजारणीची केबिन बारा फूट बाय सोळा फूट आहे. गिरगावच्या चाळीत ज्यांनी संसार केला त्यांना हे माप समजावून सांगायला नको. खाट, दोन खुर्च्या, भिंतीला लावलेलं घडीचं टेबल, एका कोपऱ्यात मोरीसारखी बेसिनची जागा आणि एक कपाट. भिंतीला आतबाहेर मिळून एकच फळी, मध्ये काही भरलेलं नाही. त्यामुळे वारा सुटला की घर कुरकुरतं, आणि सकाळी उन्हाचा पट्टा फळीच्या फटीतून खाटेवर येतो. आम्ही त्या फटी बुजवल्या, पण दोन शेजारणीने मुद्दाम ठेवल्या. तिला लहानपणी त्या पट्ट्यानेच जाग यायची.

ते कपाट जवळून बघण्यासारखं आहे. दाराच्या आतल्या बाजूला तिच्या वडिलांनी पेन्सिलीने लिहिलेले आकडे आहेत, प्रत्येक ओळीत दोन. पहिला शनिवारी आणलेलं पाणी, गॅलनमध्ये. दुसरा रविवारी निघताना उरलेलं. २०, ६. २०, ४. मग एका ओळीत २५, ०, आणि शून्याखाली दोनदा रेघ मारलेली. त्या शनिवारी काय झालं ते शेजारणीलाही आठवत नाही, ती तेव्हा पाच वर्षांची होती. आम्ही केबिनचं छप्पर बदललं, एक अख्खी भिंत बदलली, वायरिंग नवं केलं, पण त्या दाराला कुणीही रंगाचा ब्रश लावला नाही. तिथे राहायला जाण्यात जे काही आहे ते मला त्या दारावर दिसतं. आपल्याला दोन दिवसांना किती पाणी लागतं हे एका माणसाला नेमकं ठाऊक होतं. तीन रात्रींत ते तुम्हालाही कळायला लागेल. यजमानांना हे वाचून दाखवा.

आता तुमच्या काळज्यांकडे येते.

जानेवारी हा उत्तम महिना आहे. दुपारी १७-१८ अंश, पहाटे ३-४ अंश, कधी त्याच्याही खाली. इन्सुलिनला थंडीत दोन धोके असतात. एक म्हणजे ते गोठणं. बर्फाच्या डब्यात ठेवणार असाल तर कुपी किंवा पेन टॉवेलमध्ये गुंडाळा, बर्फाला थेट टेकू देऊ नका. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी वापरायचं नाही. दुसरा धोका बंद गाडीचा. बाहेर गारवा असला तरी काचा लावून उन्हात उभी केलेली गाडी आत भट्टीसारखी तापते. औषधांची पिशवी गाडीत ठेवून फिरायला जाऊ नका. दोन दिवसांचा जादा साठा आणि खडीसाखर जवळ असू द्या. तिथल्या आणि इथल्या घड्याळात फरक आहे, म्हणून इन्सुलिन कोणत्या वेळी घ्यायचं ते प्रवासाआधी डॉक्टरांना विचारून घ्या.

गुडघ्यांसाठी मुलाला आजच दोन गोष्टी विचारायला सांगा: संडास खोलीच्या आत आहे की बाहेर, आणि खाटेची उंची किती. जुन्या केबिनना बाहेरचाच संडास असायचा आणि काहींनी तो हौसेने तसाच ठेवला आहे. रात्री ३ अंशांत बॅटरी घेऊन वाळूतून चालत जाणं तुम्हाला नको. आणखी एक, खोली उबदार ठेवायला बहुतेक ठिकाणी प्रोपेन गॅसचा हीटर किंवा लाकडाची शेगडी असते. लहान, बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र भिंतीवर आहे ना आणि ते चालू आहे ना, हे पोचल्यापोचल्या त्याचं बटण दाबून बघायचं. हे मी कुणालाही सांगायचं चुकवत नाही.

वाटेत सॅन गोर्गोनिओच्या खिंडीत पवनचक्क्यांचं रान लागेल, साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारासारखं, फक्त सपाटीवर. तिथून ६२ नंबरच्या रस्त्याने वर चढलात की युक्का व्हॅली लागतं. किराणा, पाणी, पेट्रोल सगळं तिथेच भरून घ्या. पिठलं, भाकरी, खिचडी हे सगळं एका शेगडीवर होतं, पण भांडी घासायला पाणी लागतं, म्हणून कढई एकच काढा. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, आणि वर एक दिवसाचं जादा.

जोशुआ ट्री नॅशनल पार्कमध्ये तुम्हाला झेपतील अशा जागा आहेत. कॅप रॉकची छोटी, सपाट पायवाट आहे. कीज व्ह्यूपर्यंत गाडी जाते. तिथून खाली कोअचेला व्हॅली, लांबवर सॉल्टन सी हा खारा तलाव आणि सॅन अँड्रियास भूभंगाची रेघ, सगळं एका जागी उभं राहून दिसतं. जोशुआची झाडं उंचावरच्या भागात आहेत. वंडर व्हॅलीत ती शोधू नका, तो भाग खालचा आणि गरम. आपल्या बांधावरच्या घायपाताच्या कुळातलंच हे झाड, आणि त्याचं परागीभवन एक लहानसा पतंगच करतो. पार्कमध्ये मोबाइल बहुतेक ठिकाणी चालत नाही, खायला-प्यायला काही मिळत नाही. डबा बरोबर न्या.

आणि संध्याकाळी बाहेर दोन खुर्च्या मांडून, शाल गुंडाळून बसा. २०१७ साली या पार्कला आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’चा, म्हणजे रात्रीचा अंधार राखलेल्या उद्यानाचा, दर्जा मिळाला. यजमानांना लहानपणी मामाच्या गावच्या अंगणातून दिसलेलं आकाश आठवत असेल, तर ते तसंच तिथे आहे.

आम्ही सॅन होजेला असतो. जुलैत एक केबिन जवळजवळ निम्म्या भाड्यात मिळते आहे. बाळ आठ महिन्यांचं आहे. फोटोत खिडकीला कूलर दिसतो, मग चालेल ना? — एक वाचक, मूळचे हडपसर

नको. भाडं निम्मं आहे ते याच कारणाने.

कूलरबद्दल मात्र सांगते, कारण मी नागपूरची. मार्च संपत आला की आमच्याकडे माळ्यावरून कूलर खाली यायचा, वडील गंजलेल्या टाकीला आतून डांबर फासायचे, नव्या ताट्या बसायच्या आणि पहिल्या दिवशी घरभर ओल्या वाळ्याचा वास सुटायचा. मोहावीतल्या केबिनला पहिल्यांदा कूलर बघितला तेव्हा मी त्याच्या पत्र्यावर हात ठेवून उभी राहिले होते. तेच यंत्र. तिथे त्याला ‘स्वाँप कूलर’ म्हणतात. ओल्या ताटीतून कोरडी हवा ओढायची, पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता घेते आणि आत गार झुळूक येते.

पण त्याला दोन गोष्टी लागतात, कोरडी हवा आणि पाणी. जुलै-ऑगस्टमध्ये त्या वाळवंटात दक्षिणेकडून दमट वारे येतात. तिथले लोकही त्याला मान्सूनच म्हणतात. हवा दमट झाली की कूलर नुसताच ओला वारा फेकतो. नागपूरला मृग लागल्यावर कूलरचं जे होतं तेच. आणि कोरड्या दिवसांत लहान कूलरही तासाला कित्येक लिटर पाणी पितो. जिथे पाणी टँकरने येतं तिथे हा हिशेब सोपा नाही. बाहेर ४३ अंशांच्या वर पारा, एका फळीची भिंत, जवळचं हॉस्पिटल लांब आणि आठ महिन्यांचं बाळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. पाऊस बरा झालेला असला तर तेव्हा वाळूत पिवळी-जांभळी रानफुलं असतात. बाळ तोवर चालायला लागलेलं असेल.

मी बेचाळीस वर्षांची आहे. कामासाठी लॉस एंजेलिसला येते आहे. चार दिवस एकटीनेच अशा केबिनमध्ये राहायचं मनात आहे. घरचे घाबरवतात. विंचू-साप, एकटी बाई, सगळंच. तुम्ही एकट्या राहिला आहात का? — ठाणे

हो, तीनदा. पहिल्या वेळी घाबरले होते, तेव्हा तुझ्या घरच्यांचं मला समजतं.

माणसांची भीती मला तिथे वाटली नाही. वाळवंटातले शेजारी लांब असतात पण लक्ष ठेवून असतात. माझी गाडी एकदा मऊ वाळूत रुतली, मी शहाणपणा करून आणखी ॲक्सिलरेटर दाबला आणि चाक अर्धं आत गेलं. अर्ध्या तासात एक वयस्कर गृहस्थ फळ्या आणि फावडं घेऊन आले. त्यांनी माझी गाडी थांबलेली त्यांच्या अंगणातून बघितली होती. आधी टायरमधली हवा कमी करायची, मग फळी घालायची, हे त्यांनी मला शिकवलं. तेव्हा भाड्याची गाडी उंच चाकांची घे आणि मालकाने सांगितलेल्या रस्त्यानेच ये. नकाशावर जवळचा दिसणारा प्रत्येक रस्ता हा रस्ता असतोच असं नाही. कुठे जातेस आणि कधी परतणार हे रोज कुणाला तरी कळवत जा.

साप थंडीत बहुतेक बिळात असतात. एप्रिलपासून मात्र पायाखाली बघून चालायचं, हात कधीही न दिसणाऱ्या जागी घालायचा नाही, चपला-बूट झटकून घालायचे. हे आपल्याकडे शेतावर शिकवतात तेच. विंचवांसाठी अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी ने. त्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो. मी पहिल्या रात्री भीतीपोटी दाराभोवती शोधलं आणि चौथ्या रात्री कौतुकाने.

खरी खबरदारी उंदरांची घे. बंद राहिलेल्या केबिनमध्ये उंदीर शिरतात, आणि तिथल्या काही जातींच्या लेंड्यांतून हंटाव्हायरसची लागण होते. कोपऱ्यात लेंड्या दिसल्या तर झाडू मारायचा नाही, धूळ उडते. दारं-खिडक्या उघडून खोली हवेशीर होऊ दे, मग ब्लीचचं पाणी शिंपडून थोडा वेळ भिजू दे आणि ओल्या कागदाने पुसून घे. दुरुस्तीच्या दिवसांत आम्ही हे इतक्यांदा केलं की ब्लीचचा वास आला की मला ती केबिन आठवते.

रात्री लांबवर धडाम असा आवाज आला आणि खिडकीची काच थरथरली तर दचकू नकोस. ट्वेंटीनाइन पाम्सच्या उत्तरेला मरीन सैनिकांचा सरावाचा मोठा तळ आहे. तिथला सराव आहे तो.

एक दिवस अ‍ॅम्बॉय रोडने पुढे अ‍ॅम्बॉयपर्यंत जा, पेट्रोलची टाकी भरून. जुन्या रूट ६६ वरचं ते जवळजवळ रिकामं गाव, रॉईज या जुन्या मोटेल-कॅफेची प्रचंड पाटी, आणि बाजूला निजलेल्या ज्वालामुखीचं काळं तोंड. आणि गाडी सुरू करण्याआधी प्रत्येक वेळी खाली वाकून बघ. वाळवंटी कासव सावलीला चाकाशी येऊन बसतं. सापडलं तर उचलू नकोस. घाबरलं की ते साठवलेलं पाणी मूत्रावाटे सोडून देतं, आणि त्याच पाण्यावर त्याचा पुढचा उन्हाळा असतो.

लेखात तुम्ही ‘ओसाड जमिनीवर माणसांनी घरं बांधली’ असं लिहिलं आहे. ती जमीन आधी कुणाचीच नव्हती का? — इतिहासाचा विद्यार्थी, कोल्हापूर

तुझा आक्षेप बरोबर आहे. ते वाक्य मी चुकीचं लिहिलं आणि ते मागे घेते.

ट्वेंटीनाइन पाम्समध्ये मारा नावाचं पाणथळ आहे, ‘ओअ‍ॅसिस ऑफ मारा’. तिथे सेरानो लोक राहत, नंतर चेमेहुएवी आले. सेरानोंची कथा अशी की एका वैदूच्या सांगण्यावरून ते त्या पाण्यापाशी आले. मुलगा जन्मला की एक ताडाचं झाड लावा असं त्याने सांगितलं होतं, आणि पहिल्या वर्षी एकोणतीस झाडं लागली. गावाचं आजचं नाव तिथून आलं असं मानतात. त्या पाण्याभोवती त्यांची मक्याची, घेवड्याची, भोपळ्याची शेती होती. नंतर खाणवाले आले, गुराखी आले, पाण्याचे धनी बदलले आणि मूळ लोक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथून निघून गेले. १९२०च्या दशकात पासाडेनाचे डॉ. जेम्स लकी पहिल्या महायुद्धात विषारी वायूने फुप्फुसं खराब झालेल्या सैनिकांना कोरड्या हवेसाठी तिथे पाठवू लागले. त्यांच्या वस्तीनंतर पाच एकरवाले आले. १९३६ साली मिनर्व्हा हॉइट या बाईंच्या प्रयत्नांतून बाजूचा मुलूख राष्ट्रीय स्मारक म्हणून राखला गेला आणि १९९४ साली तो नॅशनल पार्क झाला.

सरकारने १९३८ साली वाटायला काढली तेव्हा कागदोपत्री ती सरकारी जमीन होती, एवढंच. मारा पाणथळाभोवती सपाट पायवाट आहे. पुढच्या वेळी कुणालाही केबिनवर नेलं की आधी तिथे नेईन.

आमच्या बागेत, मालवणजवळ, आजोबांचा मांगर आहे. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, दोन खोल्या. तो दुरुस्त करून पाहुण्यांसाठी द्यावा असं वाटतं. तुमच्या केबिनच्या अनुभवावरून काय सांगाल? — सिंधुदुर्ग

पत्र वाचून फार आनंद झाला. हवामान अगदी उलटं आहे, तिथे वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस, तुमच्याकडे तेवढा आषाढात एका दिवसातही पडतो. तेव्हा बांधकामाचं मी काही सांगणार नाही, तुमच्या गावचा गवंडी माझ्यापेक्षा शंभर पटीने जाणतो. त्याला विचारल्याशिवाय चिऱ्याला सिमेंटचा गिलावा करू नका एवढंच म्हणेन.

पण जे आम्ही चुकून शिकलो ते सांगते. पहिल्या हिवाळ्यात आम्ही उत्साहाने जुना रंग कोरडाच घासायला लागलो. एका सुताराने येऊन थांबवलं. अमेरिकेत १९७८ साली घरांसाठी शिशाच्या रंगावर बंदी आली, त्याआधीच्या घरात तो असणार असंच धरून चालायचं. पाणी मारून, तोंडाला योग्य मास्क लावून खरवडायचा, कपटे गोळा करायचे. तुमच्या मांगराच्या दारं-खिडक्यांना जुना तैलरंग असेल तर हेच करा.

दुसरं, सगळ्यात आधी जे दिसत नाही त्यावर पैसे घाला: छप्पर, वायरिंग, संडास, पाणी. आमच्या शेजारणीचे निम्म्याहून जास्त पैसे छपरात आणि पाण्याच्या टाकीत गेले. तेव्हा ती रडकुंडीला आली होती, कारण फोटोत काहीच बदललेलं दिसत नव्हतं.

तिसरं माझं मत आहे, पटलं तर घ्या. खोली वाढवू नका. आमच्याकडे एका हितचिंतकाने मागची भिंत पाडून काचेचं दार आणि मोठी बेडरूम काढायचा आग्रह धरला होता, भाडं दुप्पट येईल म्हणून. शेजारणीने नाही म्हटलं. तिच्या वडिलांनी कारखान्यातल्या पगारातून जेवढं परवडलं तेवढं बांधलं होतं, आणि तेवढ्याच जागेत झोपल्यावर ते माणसाला कळतं असं ती म्हणाली. मांगरात आजोबा आंब्याच्या हंगामात राखणीला झोपत असतील, कोयती-टोपल्या ठेवत असतील. त्या खुंट्या तिथेच राहू द्या, आणि पाहुण्यांना कंदील अडकवायला वापरू द्या. विकत आणलेल्या ‘जुन्या’ वस्तूंनी मात्र भिंती भरू नका. आजोबांची वस्तू आणि बाजारातली वस्तू शेजारी टांगली की पाहुण्याला दोन्ही बाजारातल्याच वाटतात.

आणि मांगर झाला की मला कळवा. मी गंमत म्हणून लिहीत नाही, मी खरंच येईन.

ताई, मी शेतकरी माणूस. एकच विचारायचं आहे. त्या वाळवंटात कधी पाऊस बघितला का? तिथल्या मातीला वास येतो का? — अंबाजोगाई

दादा, बघितला. फेब्रुवारीतली गोष्ट. दुपारपासून डोंगरामागे काळं भरून आलं होतं. पाऊस आमच्यापर्यंत यायच्या आधी वास आला. मातीचा नव्हे. तिथे सगळ्या माळावर क्रियोसोटची झुडपं असतात, माणसाच्या उंचीची, बारीक चिकट पानांची. हजारो वर्षं जगतात. लुसर्न व्हॅलीत एकाच मुळापासून पसरलेलं एक वलय आहे, त्याचं वय ११,७०० वर्षं धरतात. हवा ओली झाली की त्या पानांतला राळेसारखा वास सुटतो, थोडा कापरासारखा, थोडा डांबरासारखा. तिथल्या लोकांना पाऊस म्हटला की तोच वास आठवतो, जसा आपल्याला मातीचा.

मग थेंब आले. पहिले पंधरा-वीस थेंब वाळूत खड्डे पाडून नाहीसे झाले. नंतर चार तास पडला. रात्री बाहेर रेल्वे जावी तसा आवाज येऊ लागला. घरापासून पाऊणशे पावलांवरचा कोरडा ओढा वाहत होता. बॅटरीच्या उजेडात तांबडं पाणी, त्यात फांद्या, एक प्लॅस्टिकची खुर्ची. रस्ता तुटला होता. ओढ्यात गाडी घालायची नाही, पाणी उतरेपर्यंत थांबायचं, एवढाच तिथला नियम. आम्ही एक दिवस जादा राहिलो. शेजारणीने टाकीत काठी घालून पाणी मोजलं, पुरेसं होतं. तिने कपाटाचं दार उघडलं आणि वडिलांच्या शेवटच्या ओळीखाली पहिल्यांदाच स्वतःचे दोन आकडे लिहिले.

सकाळी तिने मला त्या झुडपाचा वास घ्यायची तिथली रीत दाखवली. पानांची डहाळी मुठीत धरायची, मुठीत तोंडाने गरम श्वास सोडायचा आणि मग हुंगायचं. कोरड्या दिवसातही पाऊस येतो. तिच्या जागेतली एक डहाळी तिने मला दिली, ती माझ्या देवघराच्या फळीवर स्टीलच्या डबीत आहे. तुमचं पत्र वाचल्यावर मी ती उघडून बघितली. अजून येतो.

तुमच्याकडे यंदा मृग कसा गेला ते कळवा.